अमरसिंगची दलाली

अमरसिंग,

हे पत्र तुला पोचणार नाही. तू असतास तरी वाचलं नसतंस. स्वतःच्या नावाची पाच अक्षरं सोडली तर तुला कागदावरचं काही उमगत नव्हतं, आणि ती पाचही मीच शिकवलेली. तरी लिहिते तुझ्याच नावाने. तिऱ्हाईताला सांगायला बसले की मी लगेच स्वतःची वकिली सुरू करते. तसे तीन कागद फाडून झाले. तुझ्यासमोर ते जमायचं नाही.

तुला माहीत असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील, कारण वाचणारे दुसरेच आहेत. कंटाळू नकोस. कंटाळणं हे माझं खातं होतं, तुझं नव्हे.

मी हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पोस्टात सोळा वर्षं पोस्टमास्तर होते. औरंगाबादेत बी.ए. झालेली, लवकर विधवा झालेली, मूलबाळ नसलेली बाई. पुढे पोस्ट आणि मागच्या बाजूला माझ्या राहण्याची खोली. तू गावाबाहेरच्या तांड्यावरचा. तुझ्या आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, वडिलांनी बैलांचा व्यापार केला, आणि तू बैलांचा दलाल झालास. पहिल्यांदा काउंटरवर आलास तो ऊसतोडीला गेलेल्या भावाची मनीऑर्डर घ्यायला. अंगठ्याला शाई लावायची, कागदावर टेकवायचा, मग तो भिंतीला पुसायचा, मग साक्षीदार शोधायला बाहेर जायचं. असला वेळखाऊपणा मला सहन होत नाही. चार मनीऑर्डरी मी दम धरला. पाचव्या वेळी तुला बाकावर बसवलं आणि सही शिकवली. जीभ दाताखाली धरून तू ती काढायचास, गाभण म्हैस पाण्यावर न्यावी तशी सावकाश. आडनावाचं 'आडे' मीच पुढे लिहून टाकायचे.

तुझं खरं काम मी पाहिलं ते ब्याण्णव साली. बचतखात्यांचा प्रचार करा, असा वरून हुकूम आला होता, म्हणून जनावरांच्या बाजारात टेबल टाकून बसले होते. खातं कुणी उघडलं नाही. पण तुझा रुमाल दिवसभर बघायला मिळाला. विटकरी रंगाचा, चौकड्यांचा. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, मध्ये तू. रुमालाखाली एकाची बोटं धरायची, मग दुसऱ्याची. चार बोटं दाबली की चार हजार, एक सोडलं की एक हजार कमी. तोंडाने आकडा कुणी काढायचा नाही. बायकांची बोटं धरायची नाहीत म्हणून त्यांच्यासाठी तू रुमालाच्या टोकाला गाठी मारायचास आणि त्या चाचपायला द्यायचास.

त्या दिवशी पुसेगावची सोजराबाई बैल घ्यायला आली होती. नवरा नुकताच गेलेला, पेरणी तोंडावर, आणि हातात दुसऱ्याच्या विश्वासावर आणलेले पैसे. बैल तुझ्या चुलतभावाचा होता. सौदा ठरत आला आणि दलाली कुणी द्यायची यावर अडला. चुलतभाऊ म्हणाला, घेणाऱ्याने द्यावी. सोजराबाई म्हणाली, माझ्याकडे आहे काय. तू म्हणालास, ज्याला भेव जास्त वाटतंय त्यानं द्यायची.

तिने पदराची गाठ सोडून अकरा रुपये दिले. ते वचन दिल्यासारखे कानाला लावून खिशात टाकलेस आणि तिला सांगितलंस, दुपारनंतर ह्यो बैल मागचा पाय ओढतो, घेऊ नको.

चुलतभाऊ तुझ्या अंगावर धावून आला. भर बाजारात त्याने तुझ्या सात पिढ्या काढल्या. तू रुमाल झटकून खांद्यावर टाकलास आणि एवढंच म्हणालास, "तिचे घेतले, तिचं बोललो. तू दिले असते तर तुझं बोललो असतो. मुका राहिलो असतो."

मी टेबलावरून विचारलं, हा कुठला न्याय? म्हणजे पैसे देईल त्याला खरं, आणि न देईल त्याला बुडवायचं?

"बुडवायचं न्हाई बाई. गप राहायचं. दलालाला दोन कान असतेत, जीभ एकच."

मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तुझा हा नियम सगळ्या बाजाराला ठाऊक होता, आणि म्हणूनच लोक तुझ्या रुमालाखाली हात घालत. ज्याचे घेतले त्याच्याविरुद्ध अमरसिंग मेला तरी बोलणार नाही. आणि दोन्हीकडचे घेणार नाही.

नव्याण्णव सालच्या एक मेला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि हिंगोलीच्या आसपासच्या माळाला एकदम किंमत आली. कलेक्टर कचेरी इकडे होणार, कोर्ट तिकडे होणार; जो तो जमिनी दाखवत फिरायला लागला. बैलांचा बाजार तसाही ट्रॅक्टरने खाल्ला होता. तूही प्लॉटकडे वळलास. बैलाचे दात बघावेत तसा तू प्लॉट बघायचास, टाचेने माती उकरून, वास घेऊन. रुमाल मात्र तोच.

माझाही एक प्लॉट होता, हिंगोलीला औंढ्याच्या रस्त्यावर. चौऱ्याऐंशी साली फंडातून कर्ज काढून घेतलेला. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. निवृत्त झाले की पोस्टामागची खोली सोडावी लागणार. प्लॉट विकायचा आणि गोरेगावातच दोन खोल्यांचं घर घ्यायचं, असा माझा हिशेब होता. दुसरा हिशेब नव्हता. भाऊ नाही, दीर विचारत नव्हते. तो प्लॉट गेला असता तर एकसष्टाव्या वर्षी मी कुठे जाणार होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

दिवाळीच्या आधी तू गिऱ्हाईक आणलंस. वैजनाथ कंत्राटदार. पांढरी जीप, पांढरे कपडे, अगदी हळू आवाज. त्याच्याबद्दल मी ऐकून होते. नरसीकडच्या एका शेतकऱ्याने त्याला जमीन द्यायला नाही म्हटलं, तर त्याच्या विहिरीत मेलेलं कुत्रं सापडलं. पोलिसात कुणी गेलं नाही. लोक त्याचं नाव घ्यायच्या आधी मागे बघत. मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे.

पोस्टाच्या ओसरीवर बसून तू त्याची बोटं धरलीस, मला गाठी चाचपायला दिल्यास. मी वैतागून म्हटलं, तोंडाने बोल की रे, आपण काय म्हशी विकतोय? तू ऐकलं नाहीस. दोन लाखांवर जमलं. आणि मग तोच प्रश्न आला. रीत अशी की दोन्हीकडून शेकडा एक. पण तू दोन्हीकडचे घेत नव्हतास. वैजनाथ म्हणाला, पैसा बाईंना मिळणार, दलाली बाईंनी द्यावी. मी म्हटलं, प्लॉट तुम्हाला हवाय, तुम्ही द्या.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला आठवतं, तू जरा पुढे झुकला होतास. म्हणालास, "बाई, ज्याला भेव जास्त वाटतंय..."

"मला कुणाची भीती वाटत नाही," मी म्हटलं.

आज हे वाक्य लिहिताना माझे कान तापतात. वाटत होती. त्याची जीप दारात थांबली तेव्हापासून मी पायातली चप्पल काढायची विसरले होते. पण गावासमोर, त्या माणसासमोर, पदवीधर पोस्टमास्तरणीने घाबरले म्हणून दलाली द्यायची? मला ते मरणाचं वाटलं.

वैजनाथ हसला. "राहू द्या बाई. दोन्हीकडची मीच देतो." चार हजार रुपये मोजून त्याने तुझ्या मांडीवर ठेवले. तू नाही म्हणू शकला असतास का? त्याच्या ड्रायव्हरने जीपच्या टपावर बोटं वाजवायला सुरुवात केली होती. तू पैसे कानाला लावलेस. रुमालाच्या गाठी सोडताना तुझी बोटं अडखळली आणि मी मनात म्हटलं, चार हजार एकदम बघून म्हाताऱ्याचे हात कापायला लागले. तू म्हातारा कसला, पंचेचाळीसचा होतास. मला माणसं लवकर समजतात, असा माझा समज होता.

पुढच्या मंगळवारी हिंगोलीला जाऊन कागद करायचा होता. आदल्या रविवारी भर दुपारी तू मागच्या दाराला आलास. मी जेवायला बसले होते. दार उघडल्यावर तू आत आला नाहीस, उंबऱ्याशी उकिडवा बसलास आणि म्हणालास, बाई, मला दलाली द्या.

मी म्हटलं, शहाणा आहेस. त्याने दोघांची दिलीय. आता तिसऱ्याची घ्यायला आलास?

"द्या बाई."

मी तुला बोलायला कमी केलं नाही. जिल्हा झाला आणि तुम्हा सगळ्यांना हाव सुटली, असंही म्हणाले. तू ऐकून घेतलंस. मी दार लावायला गेले, तर तू चौकटीवर हात ठेवलास. त्या हाताकडे मी पाहिलं. थरथरत होता, आणि या वेळी समोर पैसे नव्हते.

"सोजराबाईनं दिले व्हते तेवढे तरी द्या," तू म्हणालास.

सोजराबाईचं नाव ऐकलं आणि दार लावता लावता मी थांबले. दुपारनंतर मागचा पाय ओढणारा बैल. तुझ्याकडे मला सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते सांगता येत नव्हतं, कारण तुझी जीभ दुसऱ्याने घेतलेली होती. मी घेऊ दिली होती. त्या दारातच मला खाली बसावं लागलं, तुझ्यासमोर, उष्ट्या हाताने.

"अमरसिंग, मला भीती वाटतेय," मी म्हटलं.

"व्हय. मला बी."

मी डब्यातून अकरा रुपये काढले. पण तू लगेच घेतले नाहीस. आधी बंडीच्या आतून एक पाकीट काढलंस. वैजनाथचे चार हजार, जसेच्या तसे. म्हणालास, हे पहिल्यांदा परत गेलं पाहिजे, दोघांचं घेऊन मी बोलत नसतो. मी म्हटलं, मग नेऊन दे. तू हात पुढे करून दाखवलास. "हातानं दिलं तर ह्यो हात ऱ्हाणार न्हाई, बाई. तुमच्या पोस्टानं लावा. सरकारी शिक्का पडला की झालं. मग म्या मोकळा."

मी मनीऑर्डरचा फॉर्म भरला. चार हजार रुपये, वैजनाथचं नाव, हिंगोलीचा पत्ता. मजकुराच्या जागी तू सांगितलंस तेवढंच लिहिलं: दलाली परत. त्याखाली तू जीभ दाताखाली धरून पाच अक्षरं काढलीस, 'आडे' मी लिहिलं. मग तू विचारलंस, ह्याचं कमिशन कुणाकडं? मी म्हटलं, पाठवणाऱ्याकडं, शेकडा पाच. तू दोनशे रुपये वेगळे काढून ठेवलेस आणि त्या भीतीतही तुला जरा हसू आलं. "पोस्टाचं बरं हाय. भांडणच न्हाई."

आज रविवार, मी सांगितलं, उद्या सकाळी पहिलं काम हे. पावती उद्या घेऊन जा.

"पोस्टात दिलं म्हंजे दिलं," तू म्हणालास. अकरा रुपये कानाला लावलेस आणि बोललास.

वैजनाथने जो कागद तयार करून ठेवला होता त्यात प्लॉटचा ताबा दिला आणि पैसे मिळाले, असं दोन्ही लिहिलेलं होतं. वीस हजार रोख हातात देणार, बाकीचा चेक देणार, आणि त्या चेकच्या खात्यात काही नाही. मंगळवारी दुपारी माझी सही होणार आणि सही होते न होते तोच प्लॉटवर पत्र्याचं शेड उभं राहणार. पत्रे आणून टाकलेले तू स्वतः पाहिले होतेस. त्याच्या मुनशीच्या तोंडून ऐकलंही होतंस. मग कोर्टात जायचं तर मी खुशाल वीस वर्षं जावं. "तुमी न वाचता सही करताल, असं त्याला वाटतंय," तू म्हणालास. "काहून की तुमी घाई लई करता."

खरं होतं. मी वाचला नसता. वाचत बसले तर घाबरले असं दिसलं असतं.

मंगळवारी मी गेले नाही. तब्येत बरी नाही, आणि सौदाही करायचा नाही, असा निरोप रविवारी संध्याकाळीच धाडला होता. प्लॉट वाचला. दोन वर्षांनी तो मी सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सबाईला विकला आणि हे घर घेतलं, ज्याच्या ओसरीवर बसून मी लिहिते आहे. म्हणजे माझं काम झालं. आता तुझं सांगते.

सोमवारी सकाळी पोस्ट उघडायला गेले तर समोरच्या हॉटेलापुढे पांढरी जीप उभी. आत दोघे जण शेंगा खात बसलेले. त्यातला एक उतरून काउंटरवर आला आणि म्हणाला, एक कार्ड द्या बाई. चार आण्याचं पोस्टकार्ड. तो ते घेऊन गेला. माझ्या हाताखाली तुझा फॉर्म होता, शिक्का मारायचा बाकी. मला एकदम दिसलं की हा फॉर्म वैजनाथच्या हातात पडेल तेव्हा त्यावर गोरेगावचा शिक्का असेल, माझी सही असेल आणि माझ्याच अक्षरातली 'दलाली परत' अशी ओळ असेल. तू माझ्याकडे येऊन बोललास, हे त्याला लिहून कळवल्यासारखंच. न पाठवला, तर बाईने आपल्या मनाने सौदा मोडला, असं त्याला वाटू शकेल. मी फॉर्म खणात सरकवला. दुपारी लावू म्हटलं.

दुपारी जीप तिथेच होती.

मंगळवारी, बुधवारी, रोज तो माणूस यायचा. एक कार्ड द्या बाई. दुसरं काही बोलायचा नाही. मी तारखेचा शिक्का बदलायला विसरले, एक दिवस सगळं टपाल आदल्या तारखेने गेलं. टपालाच्या थैलीची दोरी बांधताना गाठ बसेना. शनिवारी संध्याकाळी पेटी उघडली तर आत सहा कार्डं. सहाही कार्डांवर पत्ता माझा. मागची बाजू कोरी. एक अक्षर नाही.

पोस्टमास्तर म्हणून मला ती रीतीप्रमाणे घ्यावी लागली. सहा कार्डांवर मी शिक्के मारले आणि माझी मलाच दिली. मग तुझा फॉर्म आणि पाकीट खणातून काढलं, खोलीत आणलं आणि ट्रंकेच्या तळाशी साड्यांखाली ठेवलं. असं करायचं मी ठरवलं नव्हतं. हातांनी केलं, असं म्हणायची सोय आहे; पण हात माझेच होते.

तू पावती न्यायला आला नाहीस. मी चुकेन, ही शंकाच तुला नव्हती.

पंधरा दिवसांनी वैजनाथने बाजारात तुझा रुमाल धरला. म्हणाला, अमरसिंगने माझे चार हजार खाल्ले आणि बाईकडूनही घेतले, दोन्हीकडचे खाल्ले. तू म्हणालास, मी परत लावले, पोस्टाने. तो म्हणाला, मला काही पोचलं नाही. तुझ्या तांड्याचे नाईक गुलाबसिंग बाजारात होते. त्यांनी तंटा वाढू दिला नाही. म्हणाले, पोस्ट गावातच आहे, बाईंना विचारू.

ते आले तेव्हा मी टपाल लावत होते. पुढे गुलाबसिंग, मागे बाजारातले चार-पाच व्यापारी, आणि तू. वैजनाथ आत आला नाही. समोरच्या लिंबाखाली हात बांधून उभा राहिला, मला दिसेल असा. गुलाबसिंगांनी फार अदबीने विचारलं. म्हणाले, बाई, तुमी सांगताल ते आमी खरं धरू. अमरसिंगनं तुमच्याकडं मनीऑर्डर दिली का न्हाई?

दिली. एवढंच म्हणायचं होतं. दिली, आणि ती माझ्याकडून राहिली. पाच शब्द. खोलीत जाऊन ट्रंक उघडायची, पाकीट आणून सगळ्यांसमोर ठेवायचं. मी लिंबाकडे पाहिलं. तो नुसता उभा होता. विहीर आठवली. मागच्या दाराची कडी खिळखिळी झालीय, हे आठवलं. जीभ टाळूला चिकटली, असं लोक लिहितात. माझी चिकटली नाही, ती सुटून भलतंच बोलली.

"पोस्टातली गोष्ट बाहेर सांगता येत नाही. तसा नियम आहे."

नियम होता. मी खोटं बोलले नाही. असलं खरं मी आयुष्यात एकदाच बोलले आहे.

गुलाबसिंग तुझ्याकडे वळले. सगळेच वळले. तू माझ्याकडे बघत होतास, आणि तुला कळलं हे मला दिसलं. रुमाल घडी करायला तू जरा वेळ घेतलास. मी आतल्या आत म्हणत होते, बोल, सांगून टाक, माझ्या खोलीत बघा म्हण. तेवढंही मला तुझ्याकडूनच करून हवं होतं.

"बाई बराबर सांगतेत," तू म्हणालास. "पोस्टाचं बाहेर सांगायचं नसते."

तुझ्या खिशात माझे अकरा रुपये होते. ज्याचे घेतले त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही. मी दिले होते, आणि भ्यायले म्हणूनच दिले होते.

त्या दिवसापासून तुझ्या रुमालाखाली कुणी हात घातला नाही. वैजनाथला तेवढंच हवं होतं की मारायचा कंटाळा आला, माहीत नाही. त्याने तुला बोट लावलं नाही. जीपही निघून गेली. चार वर्षांनी तो कळमनुरीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला. ते ऐकून मी शांत झोपले, हे कबूल करते.

तू गोरेगावच्या स्टँडवर जीपमध्ये माणसं भरायला लागलास. सेनगाव, सेनगाव, हिंगोली, सेनगाव. माणसामागे दोन रुपये, ड्रायव्हरने द्यायचे. आयुष्यभर आकडा तोंडाने न काढलेला माणूस दिवसभर ओरडायचा. दोन महिन्यांत तुझा घसा बसला तो कायमचा. रुमाल गळ्याला गुंडाळलेला असायचा. मी हिंगोलीला पेन्शनीला जायचे तेव्हा तू ड्रायव्हरला दम देऊन पुढची जागा रिकामी करायचास. मी बसायचे. तुझी बायको नीलाबाई रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या बाजूने जायचे; तिला काही माहीत नव्हतं, ती हसायची.

आता तर वैजनाथही नव्हता. भीतीला कारण उरलं नव्हतं, तरी ती गेली नाही. फक्त माणूस बदलला. आता मला गुलाबसिंगांची भीती वाटायची, बाजाराची, नीलाबाईच्या हसण्याची. सात वर्षं मी दर महिन्याला ठरवायचे, या वेळी पाकीट घेऊनच निघायचं. दोनदा पिशवीत घातलंही.

दोन हजार सात साली, संक्रांतीनंतर, तू जीपच्या खिडकीशी आलास. गाडी सुटायची होती. त्या बसलेल्या आवाजात विचारलंस, "बाई, ते आपलं पोस्टाचं काम?"

शेजारी दोन माणसं होती. मी म्हटलं, "करते."

"करा," तू म्हणालास. "घाई न्हाई."

आणि टपावर थाप मारून गाडी सोडलीस. पुढच्या वर्षी कावीळ झाली, तीन आठवड्यांत तू गेलास.

फॉर्म ट्रंकेत आहे. घेणारा गेला, पाठवणारा गेला. दोनशे रुपये कमिशनही तसंच आहे, वेगळं गुंडाळलेलं. शिक्क्याची जागा कोरी आहे.